दोन कडव्यांचा करार

'वंदे मातरम्'ला दीडशे वर्षं झाली म्हणून राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने आदेश काढला. ३१ ऑक्टोबर ते ७ नोव्हेंबर २०२५ या काळात सगळ्या शाळांमध्ये हे गीत म्हणायचं, आणि तेही पूर्ण. नेहमीच्या दोन कडव्यांवर थांबायचं नाही. आमदार अबू आझमी यांनी सक्तीला विरोध केला, भाजपने सामूहिक गायनाने उत्तर दिलं आणि दोघांनाही हवी ती प्रसिद्धी मिळाली. ७ नोव्हेंबरला पंतप्रधान दिल्लीत म्हणाले की १९३७ मध्ये या गीताची महत्त्वाची कडवी तोडली गेली आणि त्यातून फाळणीचं बीज पेरलं गेलं. ८ डिसेंबरला लोकसभेत त्यावर दिवसभर चर्चा झाली.

तिकडे चर्चा चालू असताना इकडे अंबरनाथमध्ये आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न आला: 'आपल्या मुस्लिम सभासदांनी सांगावं, तुम्ही वंदे मातरम् म्हणता की नाही?' देखभाल खर्च थकवणाऱ्यालाही ग्रुपवर असं नाव काढून विचारत नाहीत. अशा वेळी आपल्यातले बरेच जण गप्प बसतात, काही जण घाईघाईने तिरंग्याचं चित्र टाकतात, काही जण ग्रुप सोडतात. या तिन्हींपैकी काहीही न करता नीट उत्तर देता येतं. ते उत्तर इतिहासात आहे आणि तो इतिहास दोन्ही बाजू अर्धवट सांगतात.

माझी भूमिका आधीच सांगतो. पहिली दोन कडवी मी म्हणतो, आवडीने म्हणतो. पुढची कडवी मी म्हणत नाही आणि ती म्हणायला लावण्याचा अधिकार मी कोणाला देत नाही. आणि जो मुसलमान, ख्रिश्चन किंवा नास्तिक ही दोन कडवीही म्हणत नाही, पण गीत चालू असताना आदराने उभा राहतो, त्याच्या देशप्रेमाची मोजणी करायचा परवाना कोणाकडे नाही.

गाणं आधी, कादंबरी नंतर

बंकिमचंद्र चट्टोपाध्याय हे इंग्रज सरकारच्या नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. हे गीत त्यांनी १८७५ च्या सुमारास लिहिलं असं मानतात. 'आनंदमठ' ही कादंबरी 'बंगदर्शन' मासिकात क्रमशः आली आणि १८८२ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. गाणं तिच्यात नंतर बसवलं गेलं. सुरुवातीच्या कडव्यांत पाणी आहे, फळं आहेत, वारा आहे, पिकांची हिरवाई आहे, चांदणं आहे, फुललेली झाडं आहेत. कोकणातला किंवा खानदेशातला कुठलाही शेतकरी आपल्या गावाबद्दल हेच म्हणेल. पुढे मात्र ती माता दुर्गेचं, लक्ष्मीचं आणि सरस्वतीचं रूप घेते आणि देवळादेवळांत तिची मूर्ती उभी राहते. कवीला तो अधिकार आहे. पण ज्याचा ईमान एका निराकार अल्लाहवर आहे त्याला ते शब्द स्वतःचे म्हणून उच्चारता येत नाहीत, एवढी साधी गोष्ट कळायला फार विद्वत्ता लागत नाही.

कादंबरीबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. तिच्यात मुसलमानांविषयी द्वेषाचे उद्गार आहेत, ते नाकारून उपयोग नाही. पण शेवट बघा. लढाई जिंकलेल्या संन्याशांना एक महापुरुष सांगतो की आता इंग्रजांचं राज्य येणं आवश्यक आहे, त्यांच्याकडून देशाला बाह्य ज्ञान मिळेल. ज्यांना हे गीत म्हणजे परकीय सत्तेविरुद्धची अखंड गर्जना वाटते त्यांनी कादंबरीचं ते शेवटचं प्रकरण उघडून वाचावं.

आणखी एक गोष्ट कादंबरीने गाळली. अठराव्या शतकात बंगालमध्ये दुष्काळाच्या आगेमागे कंपनी सरकारविरुद्ध जो उठाव झाला त्याचं नाव इतिहासात 'संन्यासी-फकीर उठाव' असं आहे. त्यातला एक मोठा नेता मजनू शाह हा मदारी पंथाचा फकीर होता आणि तो वर्षानुवर्षं कंपनीच्या फौजांशी लढला. भवानी पाठक आणि त्याचे लोकही लढले. भगवे आणि हिरवे दोन्ही एकाच कंपनीविरुद्ध उभे होते. बंकिमबाबूंनी संन्यासी ठेवले, फकीर काढले. कडवी कापण्याची तक्रार करणाऱ्यांना ही काटछाट कधी आठवत नाही.

आणि तरीही बंकिमबाबूंना एका डब्यात बंद करता येत नाही. बंगालच्या शेतकऱ्यांवरच्या लेखात त्यांनी विचारलं की देशाची भरभराट झाली म्हणता, पण ती कोणाची? त्यासाठी त्यांनी दोन गरीब शेतकरी डोळ्यांपुढे आणले, हाशिम शेख आणि रामा कैवर्त. एक मुसलमान, एक हिंदू. खुद्द गीताच्या पुढच्या भागात लोकांचा आकडा सात कोटी आहे. त्या काळच्या बंगाल इलाख्याची लोकसंख्या जवळपास तेवढी होती. त्या कोटींमध्ये मुसलमानांची संख्या प्रचंड होती. म्हणजे मातेची लेकरं मोजताना कवीने आपल्याला वगळलं नव्हतं. वगळण्याचं काम नंतरच्यांनी केलं.

सयानी रोडवरचं रवींद्र नाट्यमंदिर

काँग्रेसच्या अधिवेशनात हे गीत पहिल्यांदा गायलं गेलं ते १८९६ साली, कलकत्त्यात. गाणारे होते रवींद्रनाथ टागोर. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष कोण होते हे भाषणं ठोकणारे सांगत नाहीत. अध्यक्ष होते मुंबईचे रहिमतुल्ला सयानी. प्रभादेवीचा सयानी रोड त्यांच्याच नावाचा, आणि त्याच रस्त्यावर टागोरांच्या नावाचं रवींद्र नाट्यमंदिर आहे. नाटक बघायला आपण तिथे किती वेळा गेलो असू. गाणारा आणि ऐकणारा अध्यक्ष मुंबईत असे शेजारी नांदतात.

पुढे १९०५ च्या बंगालच्या फाळणीविरुद्धच्या चळवळीत 'वंदे मातरम्' ही घोषणा झाली. इंग्रजांनी तिच्यावर बंदी घातली, पोरांना छड्या मारल्या, शाळांतून काढलं. १९०७ मध्ये मादाम कामांनी जर्मनीत श्टुटगार्टला जो झेंडा फडकवला त्यावर हेच शब्द होते. या दोन शब्दांना जो मान आहे तो असा रक्ताने मिळालेला आहे. 'ते एका द्वेषी कादंबरीतलं गाणं' एवढंच म्हणून त्याला झटकून टाकणारे आपले काही भाषणबाज लोक या सगळ्या छड्यांवर पाणी ओततात. मला ते मान्य नाही.

१९३७ मध्ये काय झालं

आता मुख्य आरोपाकडे. ऑक्टोबर १९३७ मध्ये कलकत्त्याला काँग्रेस कार्यकारिणीने ठरवलं की राष्ट्रीय सभांमध्ये या गीताची पहिली दोन कडवी म्हणावीत, आणि त्याऐवजी किंवा त्याबरोबर आक्षेप नसलेलं दुसरं गीत म्हणण्याचीही मोकळीक असावी. हा निर्णय घेताना सल्ला कोणाचा घेतला? टागोरांचा. ज्यांनी १८९६ मध्ये हे गीत गायलं त्याच टागोरांनी नेहरूंना आणि सुभाषबाबूंना लिहिलेल्या पत्रांतून सांगितलं की पहिल्या भागातला जिव्हाळा उरलेल्या गीतापासून वेगळा काढता येतो, आणि दुर्गेची स्तुती मुसलमानांनी करावी अशी अपेक्षा ठेवता येत नाही. टागोरांना तुष्टीकरणवाला म्हणायचं धैर्य कोणी दाखवतं का?

'याने फाळणी झाली' हा दावा तारखांपुढे टिकत नाही. १९३८ मध्ये जीनांनी नेहरूंपुढे ज्या मागण्या ठेवल्या त्यांत 'वंदे मातरम्' पूर्णपणे सोडून द्या ही मागणी होती. म्हणजे लीगला दोन कडवीही नको होती. काँग्रेसने ती सोडली नाहीत. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री घटना समितीत सुचेता कृपलानींनी या गीताचं पहिलं कडवं गायलं. २४ जानेवारी १९५० ला डॉ. राजेंद्रप्रसादांनी जाहीर केलं की 'जन गण मन' हे राष्ट्रगीत, आणि स्वातंत्र्यलढ्यातल्या ऐतिहासिक कामगिरीमुळे 'वंदे मातरम्'ला त्याच्याइतकाच मान. त्या दिवशी सभागृहात दोन्ही गीतं गायली गेली. ज्यांनी राज्यघटनेवर सह्या केल्या त्यांनीच हा करार स्वीकारला. तो मोडायचा असेल तर निदान त्यांची नावं घेऊन मोडा, नेहरूंच्या एकट्याच्या माथी मारू नका.

इथे मराठी वाचकाची एक नेहमीची गफलत होते, तीही सांगून टाकतो. हिंदीत 'जन गण मन'ला राष्ट्रगान म्हणतात आणि 'वंदे मातरम्'ला राष्ट्रगीत. मराठीत 'राष्ट्रगीत' म्हटलं की 'जन गण मन'. त्यामुळे हिंदीतला मजकूर उचलून मराठी ग्रुपवर टाकला की 'राष्ट्रगीताला विरोध' असा अर्थ आपोआप तयार होतो. अर्धी भांडणं या एका शब्दावर पेटतात. पुढे ढकलायच्या आधी दोन मिनिटं थांबलं तर ती पेटणार नाहीत.

अर्धं गाणं म्हणजे तुकडे?

'गाणं अर्धं म्हणणं म्हणजे मातेचे तुकडे करणं' असं आता ऐकू येतं. मग 'जन गण मन'चं काय? टागोरांच्या मूळ गीतात पाच कडवी आहेत, आपण पहिलंच म्हणतो, ५२ सेकंदांत. कोणी कधी तक्रार केली? १९ फेब्रुवारी २०२३ पासून 'जय जय महाराष्ट्र माझा' हे आपलं राज्यगीत झालं. ते स्वीकारताना सरकारनेच राजा बढे यांच्या गीतातले दोन चरण निवडले, १.४१ मिनिटांत बसणारे. तेव्हा महाराष्ट्राचे तुकडे झाले का? सगळ्यांनी मिळून म्हणायचं गीत निवडताना त्यातला सगळ्यांना म्हणता येईल असा भाग घेतात. सगळीकडे हीच रीत आहे. एकाच गीताच्या बाबतीत ती रीत गुन्हा ठरते, कारण तिथे मुसलमान आडवा सापडतो.

आमच्या शेजारचं उल्हासनगर बघा. फाळणीत घरदार गमावून आलेल्या सिंधी लोकांनी कल्याणच्या लष्करी छावणीत ते शहर उभं केलं. राष्ट्रगीतात सिंधचं नाव आहे आणि सिंध आता भारतात नाही, म्हणून तो शब्द काढा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. २००५ मध्ये ती फेटाळली गेली. राष्ट्रगीत ही सरकारी हद्दीची यादी नसते. सिंध गेला तरी सिंधी माणूस इथे आहे, त्याची भाषा आहे, आठवण आहे. उल्हासनगरच्या सिंध्याला त्या शब्दात आपलं घर सापडतं. मग अंबरनाथच्या मुसलमानाला गीतात आपली जागा शोधायची असेल तर त्याला दुर्गेच्या कडव्यापाशीच का अडवता?

मराठी माणसाचा वाटा

या गीताच्या बाजूने देशात कोणी जिवाचं रान केलं असेल तर ते आपल्या मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांनी. 'जन गण मन'ला पसंती देताना नेहरूंनी एक कारण दिलं होतं की ते वाद्यवृंदावर चांगलं वाजतं. मास्टरांनी झिंझोटी रागात 'वंदे मातरम्'ची चाल बांधली, ती बँडवर वाजू शकते हे दाखवलं, दिल्लीला जाऊन घटना समितीच्या सदस्यांपुढे गायले. त्यांना यश आलं नाही. पण हा माणूस कोण होता? १९४१ मध्ये प्रभातच्या 'शेजारी' चित्रपटाला संगीत देणारा. हिंदू पाटील आणि मुसलमान मिर्झा यांच्या मैत्रीची ती गोष्ट, लीगच्या पाकिस्तान ठरावानंतर वर्षभरात शांतारामबापूंनी काढलेली. मास्टरांचे गुरू भास्करबुवा बखले, आणि भास्करबुवांनी तालीम घेतली ती नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ या उस्तादांकडून. पुढे बाबासाहेबांच्या इच्छेवरून बुद्धवंदनेला चाल लावली तीही मास्टरांनीच. 'वंदे मातरम्'वर प्रेम करणारा मराठी माणूस असा होता. त्याने कोणाच्या दारात जाऊन 'म्हणतोस की नाही' असं विचारलं नाही, गीत इतकं गोड करायचा प्रयत्न केला की लोकांनी आपणहून म्हणावं. १९९७ मध्ये ए. आर. रहमानने तेच केलं, आणि सगळा देश एका मुसलमान संगीतकाराच्या आवाजात आईला सलाम करू लागला. त्यासाठी कुठला शासन निर्णय लागला नाही.

सरकारने मात्र २०२२ च्या गांधी जयंतीला कर्मचाऱ्यांना फोनवर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणायला सांगितलं. त्यानंतर कुठल्या कार्यालयातली फाईल लवकर हलली असेल तर कळवावं.

निजामाचा धडा

सक्तीबद्दल बोलताना मराठवाडा विसरून चालणार नाही. १९३८ मध्ये निजामाच्या राज्यात, औरंगाबादच्या कॉलेजात आणि उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात, विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हटलं. प्रशासनाने मनाई केली. पोरं ऐकेनात, तेव्हा शेकड्यांनी त्यांना काढून टाकलं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्या आंदोलनात होते. नागपूर विद्यापीठाने त्यांच्यातल्या अनेकांना आपल्याकडे घेतलं. निजामाची ती मनाई चूक होती, जुलमी होती, आणि निजाम मुसलमान होता म्हणून ती आपल्याला गोड वाटायचं कारण नाही. हैदराबादेतला शोएबुल्ला खान हा मुसलमान संपादक निजामशाही आणि रझाकारांविरुद्ध लिहीत होता. १९४८ मध्ये रझाकारांनी त्याचा खून केला. आपला वारसा कोणाचा, हे आपणच ठरवायचं आहे.

पण त्या मनाईचं उलटं रूप म्हणजे आजची सक्ती. तेव्हा सत्ता म्हणत होती की तोंडातून हे शब्द काढाल तर शाळेबाहेर. आता म्हणते की हे शब्द काढले नाहीत तर देशाबाहेर. दोन्हीकडे सत्तेचा हात पोराच्या गळ्यावर आहे. निजामाच्या वसतिगृहात गाणाऱ्या पोरांच्या बाजूने जो उभा राहतो त्याने आज उगी राहणाऱ्या पोराच्याही बाजूने उभं राहायला हवं. नाहीतर त्याचं प्रेम स्वातंत्र्यावर नाही, फक्त आपल्या बाजूच्या दंडुक्यावर आहे.

आता आपल्या घरात

२००९ मध्ये देवबंदला जमियतच्या अधिवेशनात मुसलमानांनी हे गीत म्हणू नये असा ठराव झाला. तेव्हापासून दर वादात तो फतवा बाहेर निघतो. उलेमांना माझं अदबीने विचारणं आहे: पहिल्या दोन कडव्यांत कुठली देवी आहे? पाण्याची, पिकाची, चांदण्याची तारीफ केली तर तौहीदला धक्का लागतो का? 'वंदे' म्हणजे पूजाच, असा आग्रह का? मराठीत आपण पत्राच्या सुरुवातीला गुरुजींना सादर वंदन लिहितो, त्यात सजदा नसतो. आईच्या पायाशी जन्नत असल्याचं आपणच लेकरांना शिकवतो. ज्याला तरीही म्हणावंसं वाटत नाही त्याने म्हणू नये, तो त्याचा आणि त्याच्या अल्लाहचा मामला. पण 'अख्ख्या कौमने म्हणू नये' असा हुकूम काढणं हेही गळ्यावर हात ठेवणंच आहे.

आणि आपल्या पुढाऱ्यांना एक सांगणं. नोव्हेंबरात या गीतावर जितकी निवेदनं आली त्याच्या दहावा हिस्सा तरी उर्दू शाळांतल्या रिकाम्या शिक्षकपदांवर येऊ द्या. शहराबाहेरच्या वस्तीतल्या मुलीला दहावीनंतर कॉलेज लांब पडतं आणि तिचं शिक्षण तिथेच थांबतं. तिच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही, कारण त्यावर टीव्हीवाले येत नाहीत. हा वाद जितका त्यांना सोयीचा आहे तितकाच तुम्हालाही आहे.

हक्क माहीत असू द्या

शाळेतून चिठ्ठी आली, मुलाला उभं करून विचारलं, तर घाबरू नका आणि भांडूही नका. १९८५ मध्ये केरळात यहोवा साक्षीदार पंथाच्या तीन मुलांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल शाळेतून काढलं होतं. ती मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, गात मात्र नसत. ११ ऑगस्ट १९८६ ला सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींच्या निकालात, त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं. आदराने उभं राहिलं की अवमान होत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. हा निकाल खुद्द राष्ट्रगीताबद्दल आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही लक्षात आणून दिलं की घटनेच्या ५१अ कलमात झेंडा आणि राष्ट्रगीत आहे, राष्ट्रीय गीताचा उल्लेख नाही. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने शाळांत 'वंदे मातरम्' म्हणायचा आदेश दिला, पण ज्याला योग्य कारणाने अडचण असेल त्याच्यावर जबरदस्ती करू नये असंही त्यातच लिहिलं. गंमत म्हणजे ते प्रकरण सुरू झालं होतं शिक्षक भरतीच्या परीक्षेतल्या एका प्रश्नावरून: हे गीत मूळ कोणत्या भाषेत लिहिलं?

मुख्याध्यापकांना शांतपणे लिहून द्या की आमचा मुलगा उभा राहील, आदर ठेवील, दोन कडवी म्हणेल किंवा म्हणणार नाही. त्याची एक प्रत आपल्याकडे ठेवा. आणि मुलाला घरी या गीताचा सगळा इतिहास सांगा. सयानींपासून शोएबुल्लापर्यंत. सोलापूरच्या कुर्बान हुसेनचं नावही सांगा, ज्यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात धनशेट्टी, सारडा आणि शिंदे यांच्याबरोबर फाशी दिलं. चौघांना एका दिवशी फासावर चढवताना इंग्रजांनी कोणाला किती कडवी येतात हे विचारलं नव्हतं.

सोसायटीच्या ग्रुपवरच्या त्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे: २६ जानेवारीला खाली झेंड्यापाशी मी येईन, नेहमी येतो तसा. दोन कडवी म्हणेन, कारण ती या जमिनीची आहेत आणि ही जमीन माझी आहे. तिसरं कोणी सुरू केलं तर गप्प उभा राहीन. १९३७ मध्ये टागोर, आझाद, नेहरू आणि सुभाषबाबूंनी मिळून हा करार केला. त्यात मुसलमानाने गाणं नाकारलं नाही आणि हिंदूने ते लादलं नाही. तो करार आम्ही पाळतो आहोत. तुम्ही पाळता का, हे तुम्ही सांगायचं आहे.